पदवीचे चौथे वर्ष आणि पहिला प्रबंध

आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन गेलेली मुले-मुली दिवाळीच्या सुटीत भेटावयास येतात. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यात पूर्वी ‘बी.ए. झाल्यावर पुढे काय?’ हा एकच प्रश्न असे. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : ‘सर, चौथे वर्ष करावे का?’ मागोमाग पालकही विचारतात की, तीन वर्षांत पदवी हाती येत असताना मुलीला आणखी एक वर्ष शहरात ठेवावयाचे ते कशासाठी? प्रश्न रास्त आहे. घरातील एका माणसाची कमाई वर्षभर लांबणीवर पडणे म्हणजे काय, हे आम्हांस सांगावयास नको. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने, कला शाखेतील व सामाजिक शास्त्रांतील पदवीच्या पातळीवरचे संशोधन म्हणजे नेमके काय, ते कोठून आले आणि त्यात आपल्या मुलांचे हित कोठे आहे, याचा थोडा उलगडा करावा असे आम्ही ठरविले.

आधी व्यवस्था सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे तीन वर्षे पूर्ण करणाऱ्यास पदवी मिळते आणि चार वर्षे पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी. या चौथ्या वर्षाच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने गेल्यास वर्षभर वरच्या पातळीचे विषय शिकून ‘ऑनर्स’ मिळते. दुसऱ्या वाटेने गेल्यास एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र प्रबंध लिहून ‘संशोधनासह ऑनर्स’ मिळते. दुसरी वाट सर्वांस खुली नाही. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्यांनाच ती निवडता येते. प्रबंधास आयोगाच्या आराखड्यात 12 श्रेयांक आहेत. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकास तीस तास हा हिशेब धरला, तर सुमारे 360 तासांचे काम झाले. म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चार पुस्तकांतून उतरवून काढण्याजोगे हे प्रकरण नव्हे.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना 2024-25 पासून आली. त्या वर्षी प्रथम वर्षास बसलेले आपले विद्यार्थी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभे राहतील. मात्र 75 टक्क्यांची अट पहिल्या सत्रापासूनच मोजली जाते. तिसऱ्या वर्षी जागे होऊन उपयोग नाही. ही एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवली, तरी या लेखाचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात अध्यक्ष फ्रँक एडेलॉट यांनी 1922 मध्ये ऑनर्सची एक पद्धत सुरू केली. निवडक विद्यार्थ्यांनी लहान गटात बसून चर्चा करावी, स्वतः लिहावे आणि त्यांची परीक्षा बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. शिकविणाऱ्याने परीक्षा घ्यावयाची नाही, हा त्यातील मोठा विचार. प्रिन्स्टन विद्यापीठात तर पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रबंध लिहिणे हा शिक्षणाचा अंगभूत भागच मानला जातो. अशा प्रबंधांतील काहींचे पुढे ग्रंथ झाले. जॉन केनेडी यांनी 1940 मध्ये हार्वर्डला म्युनिक कराराविषयी लिहिलेला प्रबंध त्याच वर्षी पुस्तकरूपाने आला. पण केनेडी हे राजदूताचे पुत्र. त्यांचे उदाहरण आपल्या मुलांच्या फारसे उपयोगाचे नाही.

उपयोगाचे आहे ते सोनिया सोतोमायोर यांचे. प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या कष्टकरी कुटुंबातील ही मुलगी. वडील ती नऊ वर्षांची असताना वारले, आई रुग्णालयात परिचारिका. घरात बोलली जाणारी भाषा स्पॅनिश. शिष्यवृत्तीवर प्रिन्स्टनला आल्यानंतर आपले इंग्रजी लेखन अन्य विद्यार्थ्यांच्या तुलनेत कच्चे आहे, असे तिच्या ध्यानी आले. तेव्हा सुटीत व्याकरणाची पुस्तके घेऊन ती नव्याने अभ्यासाला बसली. पदवीच्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो आपल्याच लोकांचा : प्वेर्तो रिकोचे पहिले लोकनिर्वाचित गव्हर्नर लुइस मुन्योस मारिन यांच्या कारकिर्दीचा त्या बेटाच्या राजकारणावर व अर्थकारणावर झालेला परिणाम. 1976 मध्ये ती सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाली. 2009 मध्ये ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची न्यायाधीश झाली, हे पुढचे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती आधीची गोष्ट. भाषा कच्ची आहे म्हणून तिने विषय सोपा केला नाही.

त्याच विद्यापीठात 1985 मध्ये समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने, तेथून शिकून गेलेल्या कृष्णवर्णीयांचे आपल्या समाजाशी असलेले नाते पुढे कसे बदलत जाते, हा प्रश्न प्रबंधासाठी घेतला. शिकागोच्या पाणीपुरवठा विभागातील कामगाराची ही कन्या, मिशेल रॉबिन्सन. पुढे जग तिला मिशेल ओबामा म्हणून ओळखू लागले. तिने चारशे माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली पाठविली. उत्तरे आली नव्वदहूनही कमी. संशोधनाचा खरा धडा येथे सुरू होतो. ज्यांनी उत्तर दिले ते कोण? ज्यांनी दिले नाही ते का गप्प राहिले? ज्यांना समाजाविषयी आस्था आहे त्यांनीच उत्साहाने कागद भरून पाठविला असेल, तर निष्कर्ष एका बाजूला झुकणार नाही काय? शिकून वर गेलेला माणूस मागे वळून पाहतो की नाही, हा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांना परका नाही. फक्त तो आपण सभेत टाळीसाठी विचारतो, आणि त्या मुलीने तो मोजून पाहण्याचे धाडस केले.

संशोधन आणि निबंध यांतील अंतर हेच आहे. निबंधात आपल्याला ठाऊक असलेले आपण चांगल्या भाषेत मांडतो. संशोधनात ठाऊक नसलेली एक लहान गोष्ट शोधावयाची असते, आणि ती कशी शोधली हे दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने सांगावयाचे असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवाद-वर्गात भारतातील जातींवरील निबंध वाचला. हा पदवीचा प्रबंध नव्हे. ते तेव्हा एम.ए. झालेले होते. तरीही नवशिक्या संशोधकाने तो पाहावा असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण त्यात एकच प्रश्न धरून ठेवलेला आहे. जातीची लक्षणे अनेक सांगितली जातात; पण जिच्यावाचून जात टिकूच शकत नाही अशी गोष्ट कोणती? त्यांचे उत्तर : जातीतल्या जातीतच विवाह. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. जातीबाहेर लग्न नाही असे ठरले, तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहावयास हवी. नवरा मेला तर मागे उरलेल्या स्त्रीचे काय, बायको मेली तर मागे उरलेल्या पुरुषाचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा अर्थ त्यांनी या हिशेबातून लावला. लेखक त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी, मे 1917 मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला.

आता विषय कसा निवडावा? आमच्याकडे येणारे विद्यार्थी बहुधा ‘दलित समाज आणि शिक्षण’ असा विषय घेऊन येतात. हा विषय नाही, हे ग्रंथालयाचे एक कपाट आहे. त्यांना आम्ही शाळेचे जनरल रजिस्टर दाखवितो. विद्यार्थ्याचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, धर्म व जात, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण, असे त्याचे रकाने असतात. दाखला काढण्यापलीकडे या वहीचा उपयोग आहे असे कोणाच्या मनात येत नाही. पण शाळा सोडण्याच्या कारणाचा एकच रकाना दहा वर्षांपुरता घ्या. कोणत्या महिन्यात मुले सर्वाधिक गळतात? ऊसतोडीला निघण्याच्या सुमारास की शेवटच्या परीक्षेनंतर? मुलींच्या नावापुढे कोणते शब्द येतात? ‘घरगुती अडचण’ या दोन शब्दांत लेखनिकाने काय काय मिटवून टाकले असेल? एक वही, एक रकाना, दहा वर्षे. पदवीच्या प्रबंधाला एवढे पुरेसे आहे, किंबहुना याहून अधिक घेऊ नये.

त्यातही खाचखळगे आहेत. जातीच्या रकान्यात कोठे ‘महार’, कोठे ‘नवबौद्ध’, कोठे नुसते ‘बौद्ध’ असे लिहिलेले आढळेल. अजाण वाचक म्हणेल, हे तीन वेगळे समाज. वस्तुस्थिती अशी की, 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती आणि 1961 मध्ये ती सुमारे 27 लाख 90 हजार झाली. मधे 14 ऑक्टोबर 1956 आहे. धर्मांतरितांना राज्य शासनाच्या सवलती 1960 पासून मिळू लागल्या, केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश मात्र 1990 मध्ये झाला. मधल्या तीस वर्षांत मुलाच्या नावापुढे काय लिहावे हे वडिलांनी स्वाभिमानाने ठरविले, की सवलतीच्या गरजेने, की मुख्याध्यापकांनी आपल्या मनाने? रजिस्टर हे सांगत नाही. त्यासाठी हयात असलेल्या पालकांकडे जाऊन बसावे लागेल. कागदाचे तोंड जेथे बंद होते, तेथे माणसाला विचारावयाचे, एवढी साधी ही पद्धत.

माणसाला विचारण्याचे सामर्थ्य किती असते याचा आपल्या भाषेतील उत्तम दाखला म्हणजे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 1989 मधील ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना त्यांच्या दारी जाऊन भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून या दोघींनी तो इतिहास उभा केला. तो इतिहास प्रामुख्याने त्या स्त्रियांच्या आठवणींतच जिवंत होता. त्या बोलल्या नसत्या तर तो त्यांच्याबरोबरच गेला असता. आज आपल्या गावोगावी सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आज्या आहेत. जलसे पाहिलेले, वसतिगृहात भाकरी थापलेली आजोबा-आजी मंडळी आहेत. त्यांच्या नातवंडांना घरात शिरावयास कोणाची परवानगी लागत नाही. बाहेरच्या संशोधकाला जे दार उघडावयास महिने लागतात, ते यांना उघडेच असते.

याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. घरचा माणूस म्हणून आजी जे बोलते ते छापावयासाठी बोललेली नसते. भाऊबंदकीची, उपासाची, अपमानाची गोष्ट नावानिशी प्रबंधात आली, तर गावात तिला काय सोसावे लागेल? म्हणून आधी विचारावे, ध्वनिमुद्रण करतो आहोत हे सांगावे, हवे तर नाव बदलावे आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवावे. आपल्याच समाजावर लिहिताना आणखी एक मोह होतो : जे शोभेल तेच लिहावे, जे बोचेल ते गाळावे. असा प्रबंध सत्काराच्या हाराइतकाच टिकतो.

राहिला व्यवहार. ‘संशोधनासह ऑनर्स’ची पदवी 75 टक्के गुणांनी मिळविणाऱ्यास पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्र धरण्याची तरतूद आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांत आहे. अनुसूचित जाती-जमाती व इतर काही गटांना पाच टक्के सवलत देता येते. चार वर्षांच्या पदवीनंतर एम.ए.ही एका वर्षात पूर्ण होऊ शकते. म्हणजे एम.ए. करावयाचेच असेल, तर हे वर्ष वाया जात नाही. पुढे शिकावयाचेच नसेल, स्पर्धा परीक्षा द्यावयाची असेल किंवा घरची स्थिती थांबू देत नसेल, तर तीन वर्षांच्या पदवीवर बाहेर पडण्यात काहीही उणेपणा नाही. त्या विद्यार्थ्याला कोणी कमी लेखू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चौथ्या वर्षाचा प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात चार गोष्टी विचाराव्यात. पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन प्राध्यापक विभागात आहेत काय? कारण त्यावाचून संशोधनाची वाट त्या विभागाला सुरूच करता येत नाही. प्रबंध मराठीत लिहिण्यास मुभा आहे काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे आणि स्वाधार योजनेचे नूतनीकरण चौथ्या वर्षासाठी होते काय? आणि ग्रंथालयात बसावयास जागा संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळते? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. एका खोलीत पाचजण राहणाऱ्या मुलाला तो क्षुल्लक नाही.

शाळेच्या जुन्या वह्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. काहींची पाने वाळवीने खाल्ली आहेत, शाई उडाली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांस वा विद्यार्थिनींस प्रबंधासाठी त्या पाहावयाच्या असतील, त्यांनी महाविद्यालयाचे पत्र घेऊन यावे. नावे गुप्त ठेवण्याचे लेखी द्यावे लागेल. टिपणे काढण्यासाठी टेबल आणि खुर्ची आम्ही देऊ. ज्यांच्या घरी वसतिगृहातील जुनी पत्रे, छायाचित्रे, मनिऑर्डरच्या पावत्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न टाकता एकदा शाळेत आणून दाखवाव्यात, म्हणजे त्यांच्या प्रती काढून ठेवता येतील.