दाट पाकातील खळबळ

ओढ्याला पूर आला की भोवरे उठतात आणि गढूळ व निवळ पाणी क्षणात एक होते. वेगाने धावणाऱ्या पातळ पाण्याचा हा धर्मच आहे. मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून तो दाखवून दिला. पाणी संथ असले तर धार सरळ राहते. वेग वाढला की ती विस्कटते.

पण साखरेच्या दाट पाकाचे काय? गुरुजींनी वर्गात अवश्य करून पाहावे. पाकात शाईचा थेंब सोडा नि चमचा सावकाश फिरवा. शाईच्या रेघा होतील, थर होतील. पण एकजीव होणे काही लवकर घडायचे नाही. उठू पाहणारी प्रत्येक खळबळ दाटपणा जागच्या जागी दाबून टाकतो.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेत ग्रोइसमन आणि स्टाइनबर्ग या शास्त्रज्ञांनी अशाच पाकात पॉलिअॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य घातले. किती? दहा लाख भागांत अवघे 80 भाग! पाक हळू फिरत असतानाही त्यात पुरासारखी खळबळ माजते, असे त्यांनी 2000 साली जाहीर केले. पुढच्याच वर्षी नागमोडी वाटेतून असा पाक सोडून त्यात रंग चांगला मिसळूनही दाखवला.

हे घडते कसे? भेंडी चिरताना चिकट तार सुटते, ती ताणली जाते नि पुन्हा आखडते, हे घरोघरी ठाऊक आहे. त्या द्रव्याचे रेणूही लांबलचक साखळ्यांसारखे असतात. एरवी ते गुंडाळून बसतात; वाहता पाक त्यांना ताणतो. चाकावर ताणून बसवलेले रबर जसे आत आवळते, तसे हे ताणलेले रेणू वळणावर द्रवाला आतल्या बाजूस ओढतात. त्याने प्रवाह डगमगतो. डगमगला की रेणू आणखी ताणले जातात आणि खळबळ वाढत जाते. पुरातली खळबळ वेगाची, ही ताणाची!

याचा उपयोग काय? रक्ताचा थेंब तपासण्यासाठी केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या पट्ट्या वापरतात. इतक्या अरुंद वाटेत साधे पाणीही पाकासारखे वागते. भोवरे उठत नाहीत, आणि रक्तात औषध मिसळायला वेळ लागतो. तिथे ही युक्ती कामी येण्यासारखी आहे. मात्र फुकट काहीच नाही. खळबळ माजली की द्रव ढकलायला जोर अधिक लागतो, आणि फार ताण पडला तर त्या साखळ्या तुटतातही.