प्रसूतीनंतर पोटाच्या भिंतीची दुरुस्ती

बाळंतपणाला काही महिने लोटल्यावर एखादी स्त्री उताणी निजते आणि उशीवरून नुसती मान उचलते. त्यासरशी छातीच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत पोटाच्या मध्यभागी एक लांबट उंचवटा उभा राहतो. मान टेकताच तो मावळतो. दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या बेंबीशी सुपारीएवढी गाठ दिसते; खोकला आला की ती वाढते, आडवे झाले की आत जाते. वरवर पाहता दोन्ही खुणा सारख्याच वाटतात, आणि घरोघरी दोहोंची बोळवण ‘बाळंतपणाचे पोट’ एवढ्या दोन शब्दांत होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन अवस्थांत मोठे अंतर आहे. पहिलीपासून जिवाला धोका नसतो. दुसरीत तो केव्हा उद्भवेल याचा नेम नसतो. म्हणून हा भेद प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

भिंतीची रचना

छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे आणि ओटीपोटाला कमरेच्या हाडांचे कडे आहे. या दोहोंमधील पोटाची पुढची भिंत मात्र सर्वस्वी स्नायूंची व तंतुमय पडद्यांची बनलेली असते. मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना छातीपासून जांघेमधील हाडापर्यंत उतरणारे पट्ट्यांसारखे दोन सरळ स्नायू असतात. कुशीकडील बाजूस स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात. त्यांतील तंतूंच्या दिशा निरनिराळ्या असल्यामुळे, प्लायवुडच्या फळीप्रमाणे, थर पातळ असूनही भिंत बळकट होते.

कुशीकडील स्नायू पुढे येताना त्यांचे चिवट, चापट पडदे बनतात. हे पडदे सरळ स्नायूंभोवती म्यान तयार करतात आणि अखेर मध्यरेषेवर उजव्या बाजूचे तंतू डाव्या बाजूच्या तंतूंत विणले जातात. या विणीला ‘श्वेतरेषा’ म्हणतात. तीत मांस नसते. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात, आणि त्यामुळेच ती पांढरी दिसते. जन्मापूर्वी नाळ जेथून आत शिरते ती बेंबी याच रेषेवर आहे. तेथील भोक जन्मानंतर मिटते, तरी ती जागा उपजतच थोडी दुबळी राहते.

गर्भारपणातील ताण

एरवी गर्भाशयाचे वजन ६० ते ७० ग्रॅम असते. नऊ महिने भरताना, आतील बाळ व पाणी सोडून, ते सुमारे १ किलोग्रॅम होते. एवढ्या वाढीला जागा देण्यासाठी पोटाची भिंत ताणली जाते. गर्भारपणातील संप्रेरकांच्या प्रभावाने तंतूही काहीसे सैल होतात. श्वेतरेषा रुंद व पातळ होते आणि दोन्ही सरळ स्नायू एकमेकांपासून दूर सरतात. यात पदार्थविज्ञानाचाही एक नियम लागू पडतो: पोकळ गोलाच्या आतील दाब तोच असला, तरी त्रिज्या वाढली की भिंतीवरील ताण वाढतो. पोट जितके मोठे, तितका श्वेतरेषेवरचा भार अधिक.

हे रुंदावणे म्हणजे शरीराने केलेली आवश्यक तडजोड होय. प्रसूतीनंतर बहुतेक स्त्रियांत ती हळूहळू भरून येते. काहींत अपुरी राहते. नॉर्वेमध्ये प्रथमच गर्भवती झालेल्या ३०० स्त्रियांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन बोटे किंवा त्याहून अधिक अंतर प्रसूतीनंतर ६ आठवड्यांनी ६० टक्के स्त्रियांत आढळले, ६ महिन्यांनी सुमारे ४५ टक्क्यांत आणि वर्षअखेर सुमारे ३३ टक्क्यांत. असे अंतर राहिलेल्या स्त्रियांची कंबर इतरांपेक्षा अधिक दुखत होती असे मात्र या पाहणीत दिसले नाही. तेव्हा प्रत्येक पाठदुखीचे खापर पोटाच्या स्नायूंवर फोडणे योग्य नव्हे.

ताणलेली वीण आणि पडलेले भोक

स्नायू दूर सरले तरी श्वेतरेषा अखंड असते. ती केवळ ताणलेली असते. अंतर्गळात, ज्याला व्यवहारात हर्निया म्हणतात, विणीला प्रत्यक्ष भोक पडलेले असते. पोटाच्या आतील अस्तर त्या भोकातून पिशवीसारखे बाहेर येते आणि त्या पिशवीत चरबी किंवा आतड्याचे वेटोळे उतरते. भोकाचे तोंड अरुंद असले की आतडे तेथे अडकू शकते. मग प्रथम शिरांतून परतणारे रक्त अडते, आतडे सुजते, सुजेमुळे फास अधिक आवळतो, आणि शेवटी शुद्ध रक्ताचा पुरवठाही बंद पडून आतड्याचा तो भाग काही तासांत मरू शकतो.

नेहमी आत जाणारी गाठ जाईनाशी झाली, टणक झाली, सतत दुखू लागली, तिच्यावरील कातडी लाल वा काळसर पडली, किंवा जोडीला ओकाऱ्या होऊन पोट फुगले, तर रात्र असो वा दिवस, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. अशा गाठीला तेल लावून चोळणे अत्यंत घातक आहे.

पट्टा, व्यायाम आणि त्यांची मर्यादा

बाळंतिणीचे पोट कापडाने बांधण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. बांधण्याने आधार मिळतो व हालचाल सुसह्य होते. पण पट्टा सोडला की त्याचे कार्य संपते. जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने स्नायू बळकट होतात, आणि केवळ स्नायूंचे अंतर राहिले असेल तर पहिला उपाय तोच. मात्र भोक पडले असेल, तर कोणताही पट्टा किंवा व्यायाम ते शिवू शकत नाही.

शस्त्रक्रियेची वाटचाल

अमेरिकेतील शल्यवैद्य विल्यम मेयो यांनी १९०१ साली बेंबीच्या अंतर्गळावरील आपली पद्धत प्रसिद्ध केली. अंगरख्याचा एक पदर दुसऱ्यावर यावा, त्याप्रमाणे भोकाची वरची कड खालच्या कडेवर आणून ते शिवत असत. ही पद्धत अनेक दशके रूढ होती. परंतु ताणाखाली शिवलेली दुबळी ऊती पुढे पुन्हा उसवे. १९५८ साली टेक्सासमधील फ्रान्सिस अशर यांनी प्लॅस्टिकच्या धाग्यांची विणलेली जाळी वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या जाळ्या सर्वत्र प्रचारात आल्या. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे नवे तंतू वाढतात आणि ती भिंतीचाच भाग बनते. कुडाच्या कामट्यांत माती बसावी तसे हे घडते.

जाळीचा लाभ कितपत, याची कसोटी युरोपातील ३०० रुग्णांवर घेण्यात आली. बेंबीचा १ ते ४ सेंटिमीटरचा अंतर्गळ काहींत नुसत्या टाक्यांनी, तर काहींत जाळी बसवून दुरुस्त करण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टाक्यांनंतर १२ टक्के रुग्णांत अंतर्गळ पुन्हा उद्भवला. जाळीनंतर हे प्रमाण ४ टक्के होते.

स्नायूंचे अंतर कमी करण्याची क्रिया निराळी असते. ताणलेल्या श्वेतरेषेला, शिंपी कापडाला चुणी घालतो तशी, उभी घडी घालून ती टाक्यांनी पक्की करतात. त्यामुळे दोन्ही सरळ स्नायू पुन्हा शेजारी येतात. जरूर तेथे जाळीचा आधार देतात. काही वेळा लोंबणारी कातडीही त्याच वेळी काढतात, परंतु कातडी काढणे व भिंत सांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. ज्या स्त्रीला दोन्ही विकार आहेत तिच्या बाबतीत शल्यवैद्य आधी श्वेतरेषा तपासतो, कारण ताणलेल्या, पातळ ऊतीत घातलेले टाके टिकण्याची शाश्वती कमी असते.

योग्य वेळ

ऊती आपणहून सावरण्यास अवधी लागतो. म्हणून तातडी नसल्यास प्रसूतीनंतर निदान ६ महिने थांबतात. पुढे आणखी अपत्य हवे असेल, तर दुरुस्ती त्यानंतर करणे श्रेयस्कर, कारण नव्या गर्भारपणात तीच वीण पुन्हा ताणली जाते. अडकलेल्या अंतर्गळाला मात्र हा नियम नाही; त्यावर गर्भारपणातही शस्त्रक्रिया करावी लागते. जखम चिघळणे, तेथे पाणी साचणे, कातडी बधिर होणे आणि विकार उलटणे हे धोके प्रत्येक शस्त्रक्रियेत असतात, आणि रुग्णाला ते आधी सांगणे हे वैद्याचे कर्तव्य होय.

बाळंतपणानंतर साऱ्या घराचे लक्ष बाळाकडे वळते आणि आईची तक्रार मागे पडते. बेंबीजवळची गाठ डॉक्टरांना दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. ती निरुपद्रवी ठरली तर चिंता मिटते, आणि अंतर्गळ निघाला तर दुरुस्ती सवडीने, दिवसाउजेडी, पूर्ण तयारीनिशी करता येते. आतडे अडकल्यावर मध्यरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया मात्र फार जोखमीची असते.