रेल्वेफाटक, पादचारी आणि दायित्व

रेल्वेफाटकावरील अपघाताचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न पुष्कळदा कायद्यातील शब्दांच्या व्याप्तीवर अवलंबून असतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे १६१ वे कलम मानवरहित फाटकावरील निष्काळजीपणास शिक्षा सांगते. परंतु तेथे अपराधी म्हणून निर्दिष्ट आहे तो वाहन हाकणारा किंवा नेणारा. नुसता पायी जाणारा नव्हे. पादचाऱ्यास मुख्यतः १४७ वे कलम लागू पडते, आणि तेही तो अधिकाराविना रेल्वेच्या हद्दीत शिरला असेल, किंवा अधिकाराने शिरून तिचा दुरुपयोग करील वा निघून जाण्यास नकार देईल तरच. उघड्या फाटकातून सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यास ते सहसा लावता येणार नाही. उलटपक्षी, फाटकावर सावधगिरी बाळगण्याचे कर्तव्य रेल्वेवरही आहे, आणि शासनाने तसा आदेश दिला नाही एवढ्याने ते टळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. सारांश, मृत पादचाऱ्यास 'निष्काळजी' हे विशेषण लावल्याने दायित्वाचा विचार संपत नाही.