घरातील ब्रॉडबँड मंदावल्यास : दोषाचा शोध आणि तक्रारीची रीत

प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा बराचसा भाग आता शाळेच्या घंटेनंतर सुरू होतो. यू-डायस प्लसवरील विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्तीची आवेदनपत्रे, प्रशिक्षणाचे पाठ, वेतनाची देयके ही सर्व कामे संगणकावर करावी लागतात आणि कित्येक शाळांत जोडणी नसल्याने वा असून नसल्यासारखी असल्याने ती शिक्षकाच्या घरी, त्याच्या स्वतःच्या खर्चाने होतात. अशा वेळी घरातील ब्रॉडबँड रेंगाळू लागले, तर केवळ शिक्षकाची झोपमोड होते असे नव्हे. शेवटच्या तारखेच्या रात्री आवेदनपत्र चढले नाही, तर ज्या मुलाचे ते असते त्याचे वर्ष जाते. असे झाले की बहुतेकजण दोन गोष्टी करतात. एक तर ग्राहक सेवा केंद्रास रागाने दूरध्वनी करतात, अथवा अधिक दराचा प्लॅन घेतात. पुष्कळदा दोन्हींचा उपयोग होत नाही. कारण दोष कोठे आहे हे आधी पाहिलेलेच नसते.

प्रथम मापाचा विचार करू. कंपनी गती सांगते ती मेगाबिटमध्ये, म्हणजे एमबीपीएसमध्ये. संगणक मात्र फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवितो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीतून दर सेकंदास फार तर ५ मेगाबाइट माहिती येईल आणि ६०० मेगाबाइटची चित्रफीत उतरण्यास निदान दोन मिनिटे लागतील. ४० चा प्लॅन असून पडद्यावर ५ दिसतात म्हणून फसवणूक झाली असे समजणारे ग्राहक थोडे नाहीत. किलो आणि शेर यांत गल्लत करण्यासारखाच हा प्रकार आहे. दुसरे असे की, माहिती उतरविण्याची गती आणि चढविण्याची गती या दोन निरनिराळ्या असू शकतात. काही प्लॅनमध्ये दुसरी बरीच कमी असते. प्रत्येकी ४ मेगाबाइटची ३० छायाचित्रे म्हणजे १२० मेगाबाइट. चढविण्याची गती ४ एमबीपीएस असेल, तर त्यांना चार मिनिटे लागणारच. शिक्षकाचे काम बहुधा चढविण्याचे असते, यास्तव प्लॅन घेताना हा दुसरा आकडा विचारून घ्यावा.

प्लॅनच्या जाहिरातीतील 'पर्यंत' या शब्दयोगी अव्ययाकडे भाषा शिकविणाऱ्यांनी तरी दुर्लक्ष करू नये. '१०० एमबीपीएसपर्यंत' याचा अर्थ १०० असा होत नाही. १०० हून अधिक नाही, एवढाच होतो. त्याचप्रमाणे दरमहा ठराविक जीबी वापर झाल्यावर गती उतरविण्याची अट कित्येक प्लॅनमध्ये असते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सर्व सुरळीत आणि अखेरीस मात्र गोगलगाय, असे दर महिन्यास घडत असेल, तर प्रथम ही अट पाहावी. कंपनीच्या ॲपवर झालेला वापर दिसतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे मोजणी. विहिरीत पाणी भरपूर असते, मोटही भरून वर येते; पण पाट फुटका असला तर पिकास पाणी पोचत नाही. घरातील वायफाय हा तो पाट होय. कंपनीची जबाबदारी सर्वसाधारणपणे राउटरपर्यंत असते, त्यापुढचा पाट बहुतांशी घरमालकाचा. सबब मोजणी करताना वायफाय बाजूला ठेवून लॅन केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडावा. घरातील इतर मोबाइल, दूरचित्रवाणी संच यांचे वायफाय तेवढा वेळ बंद करावे. नंतर गती मोजणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर तीन वेळा मोजणी करून मधला आकडा घ्यावा. हेच सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, असे तीन दिवस करावे. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, उतरविण्याची गती, चढविण्याची गती व मोजणी केबलवरची की वायफायवरची, हे वहीत टिपून ठेवावे. हजेरीपत्रक नीट ठेवणाऱ्यास हे काम अवघड नाही. पुढे कंपनीशी बोलताना हीच वही उपयोगी पडते.

केबलवर आकडा पुरा आणि वायफायवर निम्माच येत असेल, तर दोष घरातच आहे. वायफायच्या लहरी सामान्यतः दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोचतो, भिंती अधिक सहज ओलांडतो, परंतु त्याची गती कमी आणि त्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे तो क्षीण होतो. राउटरच्याच खोलीत बसून काम करणाऱ्याने ५ चा पट्टा घ्यावा. काही जुने मोबाइल व लॅपटॉप तो घेऊच शकत नाहीत. त्यांच्या बाबतीत प्लॅन वाढवून काहीच साधत नाही. खेड्यातील जुन्या घरांच्या दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, पत्र्याचे आडोसे, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी ही सर्व या लहरींची शत्रू आहेत. तरीही राउटर बहुधा नेमका दूरचित्रवाणी संचामागे किंवा कपाटावर अडगळीत ठेवलेला आढळतो. कारण जोडणी करणाऱ्यास तेथपर्यंत तार आणणे सोपे गेले असते. तो घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी ठेवला, तर पुष्कळ घरांतील तक्रार तेथेच संपते. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटरही २.४ च्याच पट्ट्यावर बोलत असतात. या पट्ट्यात परस्परांवर न चढणारी अशी १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेल नेहमीच्या वापरात असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांपैकी कमी गर्दीचे निवडावे. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते. ती चालू असताना जोडणी अडखळली, तर त्यात नवल नाही.

केबलवरील मोजणीतही एक फसगत संभवते. २०० चा प्लॅन आणि आकडा मात्र नेमाने ९४ च्या आसपास थबकतो, असे दिसल्यास कंपनीस दोष देण्यापूर्वी लॅन केबल बदलून पाहावी. या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. एखादी तुटली, तर जोडणी १००० वरून १०० वर उतरते आणि हाती सुमारे ९४ लागतात. स्वस्त राउटरचे अथवा जुन्या लॅपटॉपचे छिद्रच १०० चे असले, तरी हेच होते.

घरातील उपकरणे न सांगता बरेच काही खातात. मोबाइल रात्री छायाचित्रांची नक्कल चढवीत असतो, लॅपटॉप स्वतःला अद्ययावत करीत असतो. चढविण्याचा मार्ग असा भरून गेला की उतरविणेही मंदावते, कारण आलेल्या माहितीची पोच परत त्याच मार्गाने पाठवावी लागते. वायफायचा पासवर्ड शेजारीपाजारी पसरला असेल, तर तो बदलावा. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ती पाहून कित्येकांना आश्चर्याचा धक्का बसतो.

एक प्रकार शिक्षकांच्या विशेष परिचयाचा आहे. गती मोजणी उत्तम दाखविते, चित्रफिती विनाअडथळा चालतात, परंतु शासकीय पोर्टल मात्र उघडत नाही. शेवटच्या दिवशी राज्यातील सर्व शाळा एकाच दारातून आत शिरू पाहतात, तेव्हा दार अडते. त्यास घरातील ब्रॉडबँड काय करणार? येथे ग्राहक सेवा केंद्रास दूरध्वनी करणे व्यर्थ होय. पहाटे काम करावे आणि अडलेल्या पानाचे तारीख-वेळेसह छायाचित्र गटशिक्षण कार्यालयाकडे पाठवावे, म्हणजे विलंबाचा ठपका शिक्षकावर येणार नाही. याच्या उलटही घडते. मोजणीचे संकेतस्थळ बहुधा जवळचा, कधी त्याच कंपनीचा सर्व्हर निवडते. तेथपर्यंतचा रस्ता रुंद असल्याने आकडा सुरेख येतो, मात्र पुढील रस्ता अरुंद असतो. म्हणून एखादी मोजणी दूरच्या शहरातील सर्व्हर निवडूनही करावी.

केबलवरसुद्धा सकाळी आकडा पुरा आणि रात्री आठ ते अकरा या वेळात फार कमी, असे तीनही दिवस आढळले, तर ती गर्दी होय. घरोघरी येणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या बहुप्रचलित पद्धतीत एकाच प्रकाशमार्गावरून सुमारे २४८८ एमबीपीएस येतात व ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. चौसष्ट घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ३९ येतील. सर्वजण एकाच क्षणी मागत नाहीत, या गृहीतावर १०० चे प्लॅन विकले जातात आणि ते गृहीत एरवी खरेही ठरते. परंतु स्थानिक केबलचालकाने वरून घेतलेली क्षमताच तुटपुंजी असली, तर रात्री ते कोसळते. हा दोष ग्राहकास घरात बसून दुरुस्त करता येत नाही. तो कंपनीसमोर मांडावा लागतो.

केबलवर सर्व वेळी आकडा कमी येत असेल, अथवा जोडणी वारंवार तुटत असेल, तर तारेचा संशय घ्यावा. राउटरवरील 'पॉन' हा दिवा स्थिर हिरवा असावा. 'लॉस' हा तांबडा लागला, तर प्रकाश पोचत नाही असे समजावे. फायबर खिळ्याला घट्ट वळवून अडकविली, खिडकीच्या दारात चेंगरली, उंदराने वा खारीने कुरतडली, की प्रकाश वाटेतच गळतो. प्रकाशाची शक्ती कित्येक राउटरच्या पानावर डीबीएममध्ये दिसते. ती उणे २७ च्या जवळ गेली असेल, तर जोडणी काठावर उभी आहे हे जाणावे. फायबरचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नये व मुलांना धरू देऊ नये. त्यातील लेसर प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, तरी अपाय करू शकतो.

इतके पाहून झाल्यावरच कंपनीकडे जावे. दूरध्वनी क्रमांक देयकावरून अथवा कंपनीच्या अधिकृत ॲपवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर बोलताना एखादे ॲप उतरवून पडदा दाखविण्यास सांगण्यात येते आणि बँकेतील पैसे जातात, असे प्रकार घडले आहेत. 'नेट चालत नाही' एवढेच सांगण्यापेक्षा 'प्लॅन १०० चा, लॅन केबलवर तीन दिवस रात्री ९ वाजता ११, १४ व १२ आणि सकाळी ७ वाजता ९५' असे सांगावे. पलीकडील व्यक्ती राउटर बंद करून चालू करावयास सांगेल. आधी केलेले असले तरी शांतपणे पुन्हा करावे. तिच्यापुढे ठरलेली प्रश्नावली असते व ती ओलांडल्याखेरीज तक्रार पुढे सरकत नाही. संभाषण संपण्यापूर्वी तक्रार क्रमांक अवश्य घ्यावा. क्रमांक नसेल, तर तक्रार झालीच नाही असे समजण्यास हरकत नाही. स्थानिक केबलचालकास तोंडी सांगितलेले कोठेही नोंदले जात नाही, तो कितीही परिचयाचा असला तरी. तंत्रज्ञ घरी आल्यावर त्याच्या समक्ष केबलवर मोजणी करावी. काम झाल्याखेरीज तक्रार मिटविण्याचा ओटीपी त्यास देऊ नये.

तक्रारीची दखल घेतली गेली नाही किंवा निराकरण समाधानकारक झाले नाही, तर दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ अन्वये कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यास शुल्क नाही व त्याचा निर्णय ३९ दिवसांत देणे बंधनकारक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, वैयक्तिक तक्रारी स्वतः निकालात काढीत नाही. तेथे अर्ज धाडून महिना घालविणाऱ्यांची अपिलाची मुदत मात्र निघून जाते. केंद्र शासनाच्या लोकतक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे दाद मागता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवांच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अशा तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही खुले आहे. मात्र जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आली आहे, केवळ एवढ्यावर विसंबून भांडू नये. १०० च्या प्लॅनमध्ये १२ मिळतात, तेव्हा किमान मर्यादेचा भंग होत नाही. आपले म्हणणे प्लॅनमधील शब्दांवर आणि वहीतील आकड्यांवर उभे करावे.

अपिलासोबत तक्रार क्रमांक, मोजणीच्या नोंदींची प्रत, पडद्याची छायाचित्रे आणि मागील तीन महिन्यांची देयके जोडावीत. शाळेच्या नावे जोडणी असल्यास अर्ज मुख्याध्यापकाच्या सहीने व जावक क्रमांकासह पाठवावा आणि त्याची एक प्रत केंद्रप्रमुखाकडे द्यावी.