कुत्र्याचा तोल जातो तेव्हा…

रात्री नेहमीसारखा जेवून झोपलेला बारा-तेरा वर्षांचा कुत्रा सकाळी उठायला जातो आणि एका कुशीवर कोसळतो. मान तिरकी, बुबुळे लंबकासारखी सारखी हलताहेत, उलट्या होताहेत. ‘डॉक्टर, याला लकवा झालाय. त्याचे हाल बघवत नाहीत, झोपेचे इंजेक्शन देऊन टाका,’ असे डोळे पुसत सांगणारी मंडळी माझ्या दवाखान्यात अनेकदा येतात. त्यांना मी सांगतो, तपासणी आजच करू. पण तो निर्णय आज नको.

याचे कारण कानात आहे. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कुठे वळले, हे त्या मेंदूला कळवतात. एका कानाचा निरोप बिघडला, की मेंदूला वाटते आपण गरगर फिरतोय. म्हातारपणी हा बिघाड पुष्कळदा कोणतेही कारण न सापडता होतो. पहिले २-३ दिवस वाईट जातात, मग उतार पडू लागतो. २-३ आठवड्यांत बहुतेक कुत्रे हिंडूफिरू लागतात. मान किंचित तिरकी राहिली, तरी त्यांचे अडत नाही.

मात्र प्रत्येक चक्कर अशी निरुपद्रवी नसते. कान फुटून घाण वास येत असेल, तर संसर्ग आत उतरलेला असू शकतो. अशा वेळी घरातले जुने थेंब कानात घालू नयेत. पडदा फाटलेला असेल, तर काही औषधांनी आतला कान कायमचा दुखावतो. जुलाबावर मनानेच दिलेल्या मेट्रोनिडाझोलची मात्रा जास्त झाली, तरी कुत्रा झोकांड्या देतो.

बुबुळे वर-खाली हलणे, पंजा उलटा टेकणे, पायातले बळ जाणे, गुंगी, झटके ही लक्षणे मेंदूकडे बोट दाखवतात. लस न दिलेल्या पिल्लात ताप, नाका-डोळ्यांतून स्राव आणि नंतर स्नायू उडणे दिसले, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी. या सगळ्यांत वेळ दवडू नये.

आणखी एक इशारा. लस न दिलेला कुत्रा लडखडतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, असे असेल तर घशात हाड अडकले समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा झाला, अथवा जखमेला लाळ लागली, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

कानाची चक्कर ठरली, तर पुढचे काम घरच्यांचे. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरा. जिन्याची वाट बंद करा. पोटाखालून टॉवेल घेऊन त्याला आधार द्या. पाणी तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते. वाटी तोंडाजवळ धरा. आपल्या गोळ्या त्याला देऊ नका. आणि दवाखान्यात येण्याआधी मोबाइलवर त्याच्या डोळ्यांचे व चालण्याचे चित्रण करून ठेवा. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.