उपहुडापासून पहुडापर्यंत

संपादकांना लेख हवा होता विद्यापीठावर. 2023च्या अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर झालं. 2024मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्याची मुंबई-पुण्याला ओळख संत्र्यापुरती. तिथल्या एका गावाचं नाव अचानक अग्रलेखांतून येऊ लागलं. मी गेलो त्यासाठीच, पण अडकलो एका पोथीत. ‘लीळाचरित्रा’चं नाव शाळेतल्या पोरालाही परीक्षेपुरतं पाठ असतं. बाइदेवबासांच्या ‘पूजावसरा’चं नाव मराठीच्या प्राध्यापकांपैकीही थोड्यांच्याच तोंडी असतं.

इतिहास थोडक्यात उरकतो, तो सगळीकडे छापलेला आहे. रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचं गाव. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी त्यांना गुरू मानत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि मागे राहिलेले शिष्य नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत जमले. नागदेवाचार्य स्वतःशी काहीतरी आठवत बसत. त्या शिष्यांतल्या म्हाइंभटांनी विचारलं तेव्हा कळलं, ते स्वामींच्या लीळा स्मरत होते. मग म्हाइंभटांनी त्या लिहायला घेतल्या. ज्याने जी लीळा पाहिली, त्याच्या गावी जाऊन त्याच्याकडून ती पडताळून घेतली. मराठीतलं पहिलं मोठं गद्य पुस्तक, ‘लीळाचरित्र’, उभं राहिलं ते असं, जपाच्या नेमातून. वाङ्मयाचे इतिहास त्याला चरित्रग्रंथ म्हणून मोकळे होतात. पंथात ते आधी नेमाचं पुस्तक आहे.

‘पूजावसर’ त्याच्याही पुढे जातो. त्यात गोष्ट नाही. स्वामींचा एक दिवस आहे, कुठल्याही तारखेचा नसलेला. पहाटे उपहुड, म्हणजे जागे होणं. मग उदयाचा पूजावसर. त्यानंतर विहरण, गावाबाहेरच्या देवळाकडे, झाडांकडे फेरी. परत आल्यावर मादने, म्हणजे स्नान. मग दुपारची पूजा आणि आरोगणा. जेवण झालं की गुळळा, म्हणजे चूळ, मग विडा आणि पहुड, म्हणजे आडवं होणं. पुन्हा उपहुड, निरूपण, संध्याकाळची पूजा, व्याळी म्हणजे रात्रीचं जेवण, रात्रीचा पहुड. पूजा करणाऱ्या, रांधणाऱ्या, वाढणाऱ्या बहुधा स्वामींच्या शिष्या बाइसा. त्यांचे हात दिवसभर इतके दिसतात, की स्वामींइतकीच ही त्यांचीही दिनचर्या वाटते. मला तरी बाइसाच अधिक दिसल्या.

युरोपातल्या मठांतही मध्ययुगात दिवस असाच बांधलेला असे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे दीडशे स्तोत्रं आठवडाभरात म्हणून पुरी व्हायला हवीत, त्यासाठी पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या. तिथल्या प्रार्थनापुस्तकात माणूस देवाला हाक मारतो, क्षमा मागतो, तक्रारही करतो. ‘पूजावसरा’त कुणी काही मागत नाही. देव चूळ भरतो, विडा घेतो, आडवा होतो, आणि साधकाने त्या त्या वेळी ते फक्त आठवायचं. हा नेम मला मागण्यापेक्षा अवघड वाटतो. मागणाऱ्याचं लक्ष निदान स्वतःच्या गरजेवर तरी खिळून राहतं.

या एका पोथीभोवती आणखी पोथ्या आहेत. केसोबासांनी स्वामींची वचनं ‘सूत्रपाठा’त लावली, त्यात संहार, संसरण, उद्धरण अशी तत्त्वाची प्रकरणं आहेत आणि भिक्षा कशी मागावी, कुठे राहावं याची आचारसूत्रंही. ‘स्थानपोथी’त स्वामी कुठल्या गावी कुठे बसले, कुठे निजले याची नोंद, त्या जागांवर ओटे बांधलेले आणि वाटसरू साधकाने तिथे दंडवत घालायचा. म्हणजे एका पोथीने दिवस वाटून दिला, दुसरीने मुलूख. महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, आले ते गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळातून, याच रिद्धपुरात. अकोल्याकडचं बाळापूरही पोथ्यांच्या या कपाटात आहे: ‘ज्ञानप्रबोध’ लिहिणारे विश्वनाथ बाळापूरकर तिथले.

रिद्धपूरच्या मठातल्या एका वृद्ध बाबांनी मला ‘पूजावसरा’ची पोथी दाखवली. दंडवत प्रणाम झाला, पाणी झालं, गावाची चौकशी झाली. रुमाल सोडण्याआधी त्यांनी हात धुतले आणि मलाही धुवायला लावले. पान समोर आलं. अक्षर बोरूचं, ठसठशीत, ओळखीचं देवनागरी. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या शब्दाला थांबलो. प्रत्येक अक्षर लागत होतं, पण शब्द एकही होत नव्हता.

“वाचाले त येते तुमाले,” बाबा हसून म्हणाले, “समजाले किल्ली लागते जी.”

ही सकळ लिपी. चौदाव्या शतकात रवळोबासांनी ती बसवली, ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणारे तेच. बहुतेक अक्षरांची ठरावीक अदलाबदल करायची, एवढीच तिची युक्ती. शिकलेला माणूस अडखळत नाही, बाबा तर सरळ मराठी म्हणत गेले. न शिकलेल्याला मात्र घराचा नंबर बरोबर आणि माणसं भलतीच, असं होतं. पुढे सुंदरी, अंकलिपी, वज्रलिपी अशा आणखी लिप्या निघाल्या. पवित्र वचन नको त्या हाती पडू नये म्हणून, की छळाच्या भयाने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी ही लिपी उलगडेपर्यंत मराठी वाङ्मयाचा इतिहास या सगळ्या गद्याला वगळूनच लिहिला जात होता. म्हाताऱ्या बायकांना कळावं म्हणून संस्कृत नको, मराठीत लिहा, असा आग्रह धरणारे नागदेवाचार्य. त्यांच्याच पंथाने दोन-तीन पिढ्यांत ती मराठी कुलुपात ठेवली. पंथाचे लोक यावर चिडतात, आणि त्यांची बाजूही खोटी नाही: कुलूप होतं म्हणून पाठ फारसे न बदलता आले. पंजाबात, पार पेशावरकडे गेलेल्या अनुयायांनीही मराठी पोथ्या जपल्या, त्या याच शिस्तीने.

कुलपाच्या आधीची राखण माणसांच्या डोक्यात होती. परंपरा सांगते, की खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या धाडीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गेली. मग ज्याला जे आठवलं त्यातून ग्रंथ पुन्हा बांधला गेला. त्यात एक पाठ हिराइसेचा, एकदा ऐकलं की न विसरणारी म्हणून तिची ख्याती. आज ‘लीळाचरित्रा’चे वेगवेगळे पाठ दिसतात ते त्यामुळे. संपादकाला ती डोकेदुखी असते. मला त्यात रोजच्या स्मरणाचा पुरावा दिसतो.

डोकेदुखी मात्र खरी. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ काढून पोथ्यांची ओळख करून दिली. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी पाठ छापले. बुलढाण्याकडच्या वि. भि. कोलत्यांनी आयुष्य घालवलं. त्यांचं संपादित ‘लीळाचरित्र’ राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यातल्या काही लीळांवरून पंथातून तीव्र आक्षेप आले. अभ्यासकाच्या लेखी ते पाठभेद होते. ज्यांच्या पहाटेचा तो जप, त्यांच्या लेखी देवावर टाकलेला डाग. दोघांनाही पोथी खरीखुरी हवी होती, त्यामुळे तो वाद समजुतीने मिटण्यातला नव्हता.

कागदाचे हाल वेगळेच. पोथी पूजेत असते, म्हणून तिला गंध लागतं, फूल वाहिलं जातं, उदबत्तीचा धूर बसतो. जी पूजेत नाही ती कपाटात, आणि कपाट वऱ्हाडातलं: मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर कागद तडकतो, श्रावणात कसर लागते. पोथ्या मठोमठी, घरोघरी विखुरलेल्या. त्यात लहान पाठ एकाच गुटक्यात चार-पाच बांधलेले. वरच्या पाठाचं नाव यादीत जातं, आतला ‘पूजावसर’ नोंदीतून निसटतो. सकळ वाचणारे बरेचसे साधू वयस्क आहेत, आणि किल्ली कागदावर मिळाली तरी बाबांसारखं न थांबता वाचता येण्याला वर्षं लागतात. विद्यापीठाने इमारतीच्या आधी असे दहा वाचणारे पगारावर ठेवावेत, असं माझं मत झालं. त्यातले निम्मे तरी मठातले असावेत, पदवी असो-नसो.

पोथीची छायाचित्रं काढू द्याल का, असं बाबांना विचारलं. त्यांनी सरळ नकार दिला नाही.

“काढा ना. पन पूजेच्या अन् आरोगनेच्या टायमाले नाई. पहुड झाला का मंग तिले उघडत नाई आमी.”

सकाळची पूजा, दुपारची पूजा, आरोगणा, पहुड वजा केले तर सरकारी कामाच्या दहा ते सहामध्ये जेमतेम दोन तास उरतात, तेही तुकड्यातुकड्यांनी. कॅमेरा, दिवे, पोथी ठेवायचा पाळणा मांडायलाच त्यातला एक जातो. पहाटे उपहुड होताच यायचं म्हटलं, तर मोर्शीहून तेव्हा बस नाही.