दिल्लीचे कागद आणि आपल्या घराचे कागद

इशाची नमाज आटोपली की आमच्या इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर बैठक जमते. संसदेत कोण काय बोलले, कोणत्या राज्यातले सरकार पडणार, वाहिनीवरच्या चर्चेत आपल्या मौलानांना दोन वाक्ये तरी बोलू दिली का, यावर तास-तास जातो. बोलणाऱ्यांचे पाय मात्र तुंबलेल्या गटाराच्या कडेला टाकलेल्या विटांवर असतात. दिल्लीवर रोज तावातावाने बोलणारे आम्ही त्या गटाराविषयी वर्षातून एकदा, पहिल्या पावसाच्या दिवशी बोलतो. त्या बैठकीत आम्हीही असतो, म्हणून हा हिशेब आधी आमचाच मांडतो.

मुंब्रा कसे भरले

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. अब्बा मुंबईत गोदीत कामाला होते. १९९२-९३च्या दंगलीनंतर त्यांनी मुंबईतली खोली सोडली आणि आम्ही मुंब्र्याला आलो. १९८२ साली ठाणे महापालिका स्थापन झाली, तेव्हापासून मुंब्रा महापालिकेत आहे. पण पारसिकचा डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळ्यांचे पाडे आणि कौशासारखी कोकणी मुसलमानांची जुनी गावे होती, एवढेच. दंगलीनंतर लोकांचा लोंढा आला आणि मिळेल त्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या.

अब्बांनी १९९५ साली पाचव्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. कागद म्हणजे एक स्टॅम्प पेपर आणि त्यावर बिल्डरची सही. नकाशा मंजूर आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तेव्हा कोणी नव्हते. डोक्यावर छप्पर, रात्री निर्धास्त झोप आणि शेजारी आपली माणसे मिळाली, यातच सगळे आले होते. तेव्हा घाबरलेल्या माणसाने कागद मागितला नाही, हे आम्ही समजू शकतो. पण पुढची तीस वर्षे आम्हीही तो मागितला नाही, याचे उत्तर आमच्याकडे नाही.

काय बदलले, काय नाही

काहीच झाले नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. बायपास झाल्यावर अवजड वाहनांचा मोठा ओघ वस्तीबाहेरून जाऊ लागला. गल्लीत सिमेंटचे रस्ते आले. फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे-दिवा दरम्यानची रेल्वेची पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. आमच्या पिढीत दहावीनंतर घरी बसवलेल्या मुली आम्ही पाहिल्या. आज त्यांच्याच मुली सकाळच्या लोकलने कॉलेजला जातात.

त्याच लोकलच्या वाटेवर ९ जून २०२५ची सकाळ येते. दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. त्या दारात लटकणाऱ्यांत सगळ्या धर्मांची, सगळ्या पक्षांना मत देणारी माणसे असतात. घटनेनंतर बंद दारांच्या लोकलची घोषणा झाली. चार दिवस आमच्या टपरीवरही तोच विषय होता. पाचव्या दिवशी बैठक पुन्हा दिल्लीला गेली.

चार वर्षे नगरसेवकच नव्हते

मार्च २०२२मध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले, आणि राज्यातल्या इतर अनेक शहरांप्रमाणे इथलाही कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे आपला एकही नगरसेवक सभागृहात नव्हता. या काळात टपरीवर लोकसभेचे, विधानसभेचे अंदाज बांधले गेले, पैजा लागल्या. पण आपली महापालिका लोकप्रतिनिधींशिवाय चालली आहे, यावर संताप झाल्याचे आम्हाला आठवत नाही. मतदानाच्या दिवशी तर एका बुजुर्गांनी आम्हाला विचारले, "बेटा, एका माणसाने इतकी बटणे का दाबायची?" बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगायला हवे होते ते आम्हीच.

भीती खोटी नव्हती

याचा अर्थ देशाचे राजकारण सोडून फक्त गटार बघा, असा नाही. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि त्यापाठोपाठ नागरिक नोंदणीची चर्चा सुरू झाली, तेव्हा आमच्या घरात झोप उडाली होती. एप्रिल २०२५मध्ये वक्फ कायदा बदलला, तेव्हा कब्रस्तान आणि मशिदीच्या कागदांची चिंता पुन्हा आली. दिल्लीत घेतलेला निर्णय मुंब्र्याच्या घरात पोहोचतो, हे आम्ही अनुभवले आहे. त्यावर बोलणे, सनदशीर मार्गाने विरोध करणे, न्यायालयात जाणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये.

पण याच भीतीचा दुसरा वापरही होतो. निवडणूक आली की एक बाजू मुंब्र्याचे नाव घेऊन दुसरीकडची मते गोळा करते. दुसरी बाजू आम्हाला सांगते, "आम्हाला मत द्या, नाहीतर ते येतील." आम्ही घाबरून मत देतो, आणि घाबरून दिलेल्या मताचा पाच वर्षे कोणी हिशेब मागत नाही. पाणी, गटार, दवाखाना यांचे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत.

एका मुलीचा प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या इमारतीला तीस वर्षे पूर्ण झाली. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी रहिवाशांची सभा बोलावली. "पाहू नंतर," असा सूर निघाला. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची, वकिलीचे शिक्षण घेणारी मुलगी उभी राहिली. आमच्याकडे बघून म्हणाली, "चाचा, २०२०मध्ये तुम्ही गावी जाऊन दादांचा शाळेचा दाखला शोधून आणलात. दिल्ली कधी मागेल म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलात. ज्या घरात तो कागद ठेवलाय, त्या घराचा कागद कुठे आहे?"

सभेत कोणी काही बोलले नाही. शिळफाटा इथून दूर नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली, ती आठवण प्रत्येकाच्या मनात होती.

त्या मुलीनेच माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर मुदतीत आले. मंजूर नकाशा चार मजल्यांचा होता. अब्बांनी आयुष्याची कमाई घालून घेतलेला आमचा पाचवा मजला कागदावर नाहीच. बिल्डर केव्हाच मुंब्रा सोडून गेला होता.

त्या रात्री अम्मींना हे कसे सांगावे, सुचेना. शेवटी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कळले ते बरे झाले. आता लपवू नका." शीळ भागातल्या १७ अनधिकृत इमारती पाडण्याचा हायकोर्टाचा आदेश २०२५मध्ये झाला होता, तेव्हा तिथल्या कुटुंबांची धावपळ आम्ही पाहिली होती. ती वेळ आपल्यावर येऊ नये असे वाटत असेल, तर डोळे मिटून चालणार नव्हते.

आता काय

घरटी वर्गणी काढून तपासणी करून घेतली. इमारत 'सी-२ बी' प्रकारात आली, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करता येईल. 'सी-१' आला असता तर सगळ्यांना तातडीने घर सोडावे लागले असते. दुरुस्ती सुरू आहे. गृहनिर्माण संस्थेची नोंदणी, पाचव्या मजल्याचे भवितव्य आणि पुनर्विकास हे प्रश्न बाकी आहेत, आणि त्यांचे सोपे उत्तर कोणाकडेच नाही. पण आता ते निदान सभेच्या वहीत लिहिलेले आहेत.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. या महिन्यात घरातली ती प्लास्टिकची पिशवी उघडा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र यांच्याबरोबर घराचा नोंदणीकृत करार, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, ते बघा. नसेल तर दहा रुपयांचा अर्ज करा. मतदार यादीत घरातल्या सगळ्यांची, लग्न होऊन आलेल्या सुनांचीही नावे आहेत का, तपासा. नवीन नगरसेवक घरी आले तर चहा जरूर पाजा, पण चहासोबत आपल्या गल्लीचा एक लेखी प्रश्नही हातात द्या आणि पोच घ्या.

टपरीवरची बैठक आजही भरते आणि दिल्लीवर चर्चा होतेच. फक्त इमारतीची वही आता टपरीवर असते. परवा एका चाचांनी संसदेवर बोलता बोलता ती उघडली आणि विचारले, "गटाराच्या अर्जाचे तीस दिवस कधी संपतात?"